मुख्य खटक्याची निवड



कारखान्यातील विजेच्या पॅनेलवर बसवावयाचा मुख्य खटका कसा निवडावा, हा माझा आजचा विषय आहे. वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठास तो जरा परका आहे, हे मी जाणतो. इतिहास, संतवाङ्मय, राजकारण यांची या व्यासपीठाला सवय. पण न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास जी प्रथा घातली, तीत उपयोगी ज्ञानाला मज्जाव होता असे मला वाटत नाही. आणि मुळशी तालुक्यात तर विजेविषयी बोलावयास कोणाची परवानगी काढावी लागू नये. या तालुक्याने विजेची जी किंमत मोजली, ती महाराष्ट्रात फार थोड्या तालुक्यांनी मोजली असेल.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते या लढ्यापासून. १९२४ पर्यंत तो चालला आणि अखेर धरण झाले. मुळा-निळेच्या खोऱ्यातील भातखाचरे पाण्याखाली गेली, ते पाणी बोगद्यातून आणि नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात भिऱ्याला उतरले, १९२७ साली तेथे वीज निर्माण होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. ज्यांची शेते बुडाली त्यांच्या घरी दिवा लागावयास मात्र पुढे फार वर्षे जावी लागली. हा इतिहास तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मी तो एवढ्यासाठी काढला की, आज त्याच घरांतील मुले पिरंगुट, उरवडे, घोटवडे, भुकूम या भागातील कारखान्यांत वायरमन, फिटर, ऑपरेटर म्हणून उभी आहेत. विजेशी त्यांचा संबंध आता तिसऱ्या-चौथ्या पिढीचा झाला आणि तो रोज हाताने येतो. तो हात ज्या एका वस्तूवर पडतो ती वस्तू म्हणजे हा खटका.

विषय जाहीर झाल्यावर एका कारखानदार स्नेह्यांनी मला विचारले, "अहो, यात तासभर बोलण्यासारखे काय आहे? तपकीर गल्लीत जायचे, शंभर अँपिअरचा द्या म्हणायचे, आणि घेऊन यायचे." त्यांचे हे वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवले आहे. 'शंभर अँपिअरचा द्या' या तीन शब्दांत काय काय राहून जाते, तेच मला आज सांगावयाचे आहे.

पहिल्याने शब्दांचा घोळ मिटवू. कारखान्यात कोणी 'मेन स्विच' म्हणतो, कोणी 'आयसोलेटर' म्हणतो, आणि दोघेही एकाच पेटीकडे बोट दाखवितात. शास्त्राच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामे आहेत. चालू असलेला प्रवाह तोडणे हे स्विचचे काम. तुटल्यानंतर अलीकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांच्यामध्ये भरवशाचे अंतर राखणे, म्हणजे पलीकडे माणूस खुशाल हात घालू शकेल अशी हमी देणे, हे आयसोलेटरचे, म्हणजेच डिसकनेक्टरचे काम. एखादा स्विच प्रवाह उत्तम तोडील, पण हमी देणार नाही. एखादा डिसकनेक्टर उत्तम हमी देईल, पण चालू भारावर ओढला तर हातात फुटेल. दोन्ही कामे जो करतो तो स्विच-डिसकनेक्टर. पॅनेलवर आपल्याला बहुधा हाच हवा असतो. भारतीय मानक ब्यूरोने आंतरराष्ट्रीय मानक जसेच्या तसे स्वीकारले आहे, त्याचा क्रमांक आयएस/आयईसी ६०९४७, भाग ३. खटक्याच्या पाटीवर हा क्रमांक नसेल तर पुढचे काही वाचण्याचे श्रम घेऊ नयेत.

पाटीवर एक छोटी आकृतीही असते. तिरपी रेघ म्हणजे खटक्याचे पाते. ते जेथे टेकते तेथे आडवी लहान रेघ असली तर तो डिसकनेक्टर. त्या रेघेखाली टिकलीएवढे वर्तुळही असले तर तो भार तोडू शकणारा स्विच-डिसकनेक्टर. आडवी रेघच नसली तर स्विच खरा, पण हमी नाही. आपल्याकडे इंग्रजी वाचता न येणारे अनेक हुशार वायरमन आहेत. त्यांना ही आकृती शिकविण्यास पाच मिनिटे पुरतात. ती पाच मिनिटे फारसे कोणी देत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता प्रवाह तोडण्यात एवढे अवघड काय आहे? पाणी बिचारे दार लावले की थांबते. विजेचे तसे नाही. दोन संपर्क एकमेकांपासून दूर होऊ लागले की त्यांच्यामधील हवा तापते, तिच्यातून प्रवाह वाहू लागतो आणि एक चाप पेटतो. त्याचे तापमान हजारो अंशांत असते. तांबे त्यात वितळते, नुसते वितळत नाही तर त्याची वाफ होते. आपला प्रवाह उलटसुलट वाहणारा असल्यामुळे सेकंदाला शंभर वेळा तो शून्यावर येतो, आणि त्या क्षणी चाप विझण्याची संधी मिळते. संपर्क पुरेसे लांब गेलेले असले आणि हवा थंड झालेली असली, तर तो पुन्हा पेटत नाही. म्हणून चांगल्या खटक्यात प्रत्येक फेजला दोन ठिकाणी तुटण्याची योजना असते आणि चापाचे तुकडे पाडून त्याला निवविणाऱ्या पत्र्यांची जाळी असते. पाते हलविते ते स्प्रिंग. तुमच्या हाताचे काम फक्त त्या स्प्रिंगला ताण देण्याचे. एका ठिकाणी ती सुटते आणि पाते आपल्या वेगाने उडते. मूठ फिरविणारा माणूस घाबरट असो की धीट, म्हातारा असो की तरणा, तुटण्याचा वेग तोच राहतो. जुन्या काळी स्लेटच्या फळीवर तांब्याच्या पात्यांचे उघडे खटके असत. तेथे वेग हाताचा होता, आणि हात कचरला की चाप मनगटापर्यंत येई. अशा फळ्या काही जुन्या भातगिरण्यांत मी स्वतः पाहिल्या आहेत. त्या संग्रहालयात शोभतील.

आणि आता आपण 'शंभर अँपिअर' या शब्दांपाशी येतो. शंभर अँपिअर म्हणजे काय? खटका शंभर अँपिअर वाहून नेतो, की शंभर अँपिअर तोडतो? आणि कशाचे शंभर अँपिअर? भट्टीच्या तापणाऱ्या तारेचे की मोटरचे? मानकाने यासाठी वर्ग पाडले आहेत. एसी-२० म्हणजे भार नसतानाच उघडावयाचा, नुसता हमीपुरता. एसी-२१ म्हणजे तापणाऱ्या तारा, हीटर, यांसारखा सरळ भार. एसी-२२ म्हणजे मिश्र भार. एसी-२३ म्हणजे मोटर आणि तत्सम अवघड भार. पुढे 'ए' अक्षर असले तर वारंवार वापरण्यासाठी, 'बी' असले तर क्वचित वापरण्यासाठी. हे वर्ग नुसते नावाचे नाहीत. चाचणीच्या वेळी एसी-२१ च्या खटक्याला त्याच्या नेमलेल्या प्रवाहाच्या दीडपट प्रवाह तोडून दाखवावा लागतो, एसी-२२ ला तिप्पट, आणि एसी-२३ ला आठपट. शिवाय एसी-२३ ने दहापट प्रवाहावर बंद होऊनही दाखवावे लागते.

याचा अर्थ एका उदाहरणाने सांगतो. पन्नास अश्वशक्तीची, म्हणजे ३७ किलोवॅटची मोटर घ्या. ४१५ व्होल्टवर ती पूर्ण भारात सुमारे ६६ अँपिअर घेते. तेव्हा शंभरचा खटका पुरेसा, असे आमचे स्नेही म्हणतील, आणि रोजच्या दिवसापुरते ते बरोबरही आहेत. पण मोटर अडकली, तिचा आस फिरेनासा झाला, की तीच मोटर सहा-सात पट प्रवाह ओढू लागते. ४३० अँपिअर धरा. त्या क्षणी कोणी धावत जाऊन खटका ओढला तर? शंभर अँपिअरचा एसी-२१ वर्गाचा खटका १५० अँपिअरपर्यंत तोडावयास बांधलेला आहे. एसी-२२ चा ३०० पर्यंत. दोघेही ४३० पुढे तोकडे. शंभर अँपिअरचा एसी-२३ वर्गाचा खटका ८०० पर्यंत तोडतो. तिन्ही पेट्या दिसावयास जवळजवळ सारख्या. तिन्हींवर मोठ्या अक्षरांत १०० असेच लिहिलेले. अनेकदा तर पेटी एकच असते आणि पाटीवर बारीक अक्षरांत तीन वर्गांसाठी तीन आकडे असतात: मिश्र भाराला १००, मोटरला त्याहून कमी. दुकानदार मोठा आकडा सांगतो. तो खोटे बोलत नाही. त्याला विचारलेलेच तेवढे असते.

"पण अडकलेल्या मोटरला तोडावयास स्टार्टर आहे, ओव्हरलोड रिले आहे, खटका कोण ओढतो?" असा प्रश्न येथे बसलेले जाणकार विचारतील. प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर मी पिरंगुटच्या बाजूच्या एका शेडमध्ये पाहिले. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. प्लॅस्टिकचा टाकाऊ माल दळण्याचे यंत्र होते. त्यात लोखंडाचा तुकडा गेला आणि यंत्र अडकले. रिलेने आपले काम केले, पण स्टार्टरच्या काँटॅक्टरचे संपर्क वितळून चिकटलेले होते, त्यामुळे मोटर सुटली नाही. गुरगुरत राहिली आणि धूर येऊ लागला. ऑपरेटर पंचविशीतला मुलगा. जे कोणताही शहाणा माणूस करील तेच त्याने केले: पॅनेलकडे धावला आणि मुख्य खटका खाली ओढला. तो खटका नुसता हमीचा होता, भार तोडावयाचा नव्हता. चाप एका फेजवरून दुसऱ्या फेजवर गेला, पेटीचे झाकण उडाले, आणि मुलाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दोन महिन्यांनी तो कामावर आला, बोटे पुरी मिटत नव्हती. चौकशीत 'कामगाराने चालू भारावर आयसोलेटर ओढला' असे एक वाक्य लिहिले गेले. वाक्य खरे आहे. परंतु संकटाच्या वेळी माणूस ज्या मुठीकडे धावणारच, ती मूठ त्या कामाची नसणे हा दोष त्या माणसाचा कसा, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. माझे मत स्पष्ट आहे. ज्या पॅनेलवर एकही मोटर आहे त्याच्या मुख्य खटक्याचा वर्ग एसी-२३ असावा, आणि पाटीवरचा त्या वर्गापुढचा आकडा वाचून तो निवडावा. चार पैसे जास्त पडतील, ते पडू द्यावेत.

आता दुसरी बाजू. खटका भार तोडतो, पण शॉर्ट सर्किट तोडणे हे त्याचे काम नव्हे. ते फ्यूजचे किंवा ब्रेकरचे. मात्र फ्यूज उडेपर्यंत किंवा ब्रेकर सुटेपर्यंत तो भयंकर प्रवाह या खटक्यातूनच जात असतो, आणि तेवढा वेळ खटक्याने मुकाट्याने मिटून राहिले पाहिजे. किती भयंकर? हिशेब घरी करता येईल इतका सोपा आहे. कारखान्याच्या दारात ५०० केव्हीएचे रोहित्र आहे, २२,००० व्होल्टवरून ४३३ व्होल्टवर आणणारे. त्याचा पूर्ण प्रवाह सुमारे ६६७ अँपिअर. रोहित्राच्या पाटीवर इंपीडन्स लिहिलेला असतो; समजा साडेचार टक्के. ६६७ ला ०.०४५ ने भागा. उत्तर येते सुमारे १४,८०० अँपिअर. केबल लांब असेल तर आकडा बराच खाली येतो, पण रोहित्राशेजारच्या पॅनेलने पंधरा हजाराची तयारी ठेवली पाहिजे. आणि पहिल्या झटक्याचे शिखर त्याच्या दुपटीच्या घरात, तीस हजारांपर्यंत, जाते. दोन संपर्कांना एकमेकांपासून ढकलणारा जोर प्रवाहाच्या वर्गाने वाढतो: प्रवाह शंभरपट झाला की जोर दहा हजारपट. त्या जोराने संपर्क क्षणभर उचलले गेले तर त्यांच्यामध्ये चाप पेटतो, आणि पुन्हा टेकले की एकमेकांना चिकटून बसतात.

म्हणून पाटीवर आणखी दोन गोष्टी पाहावयाच्या. आय-सी-डब्ल्यू म्हणजे एक सेकंदपर्यंत किती प्रवाह सोसेल, आणि आय-सी-एम म्हणजे शॉर्ट असलेल्या लाइनवर चुकून बंद केला तर किती शिखर सोसेल. लहान खटक्यांना पंधरा हजार एकट्याने सोसणे शक्य नसते, आणि म्हणून उत्पादक सांगतात की, अमुक मापाच्या एचआरसी फ्यूजबरोबर हा खटका ५०,००० किंवा ८०,००० पर्यंत सुरक्षित आहे. फ्यूज इतका चपळ असतो की प्रवाह शिखरावर पोचण्यापूर्वीच तो तोडतो; खटक्याला खरा तडाखा बसतच नाही. पण येथे 'अमुक मापाच्या फ्यूजबरोबर' ही अट आहे. रात्रपाळीला फ्यूज उडाला, दुसरा मिळाला नाही, आणि कोणी त्या जागी तांब्याची तार गुंडाळली, की ती अट मोडली आणि तो ८०,००० चा आकडाही त्याबरोबर गेला. अशी तार बसविलेली पॅनेले मी मोजणे सोडून दिले आहे. फ्यूजच्या दोन पेट्या कपाटात ठेवणे ही खटक्याच्या निवडीचीच बाब आहे, असे मी धरतो.

उष्णतेविषयी थोडेसे. पाटीवरचा आकडा भोवतालचे तापमान जास्तीत जास्त ४० अंश आणि दिवसाची सरासरी ३५ अंशांच्या आत, असे धरून दिलेला असतो. त्यातही उघड्या हवेतला आकडा वेगळा आणि पेटीतला वेगळा. आपण पेटीतला वाचावा. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात दुपारी पॅनेलच्या आत ५० ते ५५ अंश सहज होतात. तेथे किती आकडा कमी धरावयाचा, त्याचा तक्ता उत्पादकाच्या पुस्तिकेत असतो. तो मागून घ्यावा. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा मात्र येथे प्रश्न नाही. दोन हजार मीटरपर्यंत काही फरक करावा लागत नाही आणि आपण त्याच्या बरेच खाली आहोत. पण जळालेल्या दहा खटक्यांतील बहुतेक खटके उन्हाने जळालेले नसतात, ते ढिल्या जोडामुळे जळालेले असतात. आपल्याकडे केबल बहुधा अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियमची केबल त्याच प्रवाहाला तांब्यापेक्षा जाड लागते, तिचे लग मोठे. आणि खटका लहान घेतला की लग टर्मिनलवर मावत नाहीत. मग वायरमन लगाच्या कडा कानशीने घासतो, किंवा केबलच्या चार तारा छाटतो. छाटलेल्या तारांचा जोड तापतो, तापून ढिला होतो, ढिला होऊन अधिक तापतो. तेव्हा खटका विकत घेण्यापूर्वी केबलचा लग खिशात घालून दुकानात न्यावा. तसेच मावळातला पाऊस विसरू नये. जूनपासून चार महिने हवा ओलसर, पॅनेलच्या आत घाम सुटल्यासारखे पाणी जमते, आणि ओतशाळेची धूळ त्या पाण्यावर बसली की विजेला वाट मिळते. पेटीला रबरी गॅस्केट हवे आणि केबलची न वापरलेली भोके बुजविलेली हवीत. पालीसुद्धा तेथूनच आत येतात. त्या दोन फेजवर एकदम पाय देतात आणि सगळा कारखाना बंद पाडतात.

न्यूट्रलविषयी एकच नियम सांगतो. न्यूट्रल एकट्याने कधीही तुटता कामा नये. तीन फेज जोडलेले आणि न्यूट्रल तुटलेला, अशी स्थिती आली तर २४० व्होल्टच्या दिव्यांवर आणि संगणकांवर ४१५ व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. म्हणून एकतर न्यूट्रलला खटका नको, नुसती सांधणारी पट्टी असावी. किंवा चार पोलचा खटका घ्यावा, ज्यात न्यूट्रल सर्वांच्या आधी जुळतो आणि सर्वांच्या नंतर सुटतो.

हा चार पोलांचा प्रश्न जनित्रापाशी फार महत्त्वाचा होतो, आणि माझ्या मते या तालुक्यापुरता तो सगळ्या विषयाचा गाभा आहे. ताम्हिणीकडे पाऊस कसा पडतो हे मी तुम्हाला सांगावयास नको. झाड तारांवर पडते, लाइन जाते, आणि प्रत्येक शेडमागे डिझेल जनित्र धडधडू लागते. आता समजा एका कारखान्यात महावितरणची लाइन आणि जनित्र यांना दोन स्वतंत्र खटके आहेत, आणि 'हा उघडला की तो लावायचा' एवढा तोंडी नियम आहे. घाईत पहिला उघडावयाचा राहिला. जनित्राचे ४१५ व्होल्ट उलट दिशेने रोहित्रात शिरतात. रोहित्राला सरळ आणि उलट हा भेद कळत नाही. ते ४१५ चे २२,००० व्होल्ट करून लाइनवर सोडते. आणि दोन मैलांवर, पावसात, लाइन बंद आहे असे समजून एक लाइनमन खांबावर चढलेला असतो. त्याचा या कारखान्याशी काही संबंध नाही. त्याने लाइन बंद केलेली आहे, परवानगी घेतलेली आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी त्याने स्वतः तार जमिनीला सांधलेली असली तर वाचेल.

हे टाळावयाचे तर दोन खटके आणि तोंडी नियम उपयोगी नाहीत. येथे चेंजओव्हर खटकाच हवा, चार पोलांचा, मधे 'बंद' अशी जागा असलेला, आणि ज्यात लोखंडी अडसरामुळे दोन्ही बाजू एकाच वेळी लागणे शक्यच नाही असा. तोही भारावर फिरविता येणारा घ्यावा, कारण पाळीच्या वेळी सगळ्या मोटर बंद करून मग चेंजओव्हर फिरविणारा माणूस मी अजून पाहावयाचा आहे. जनित्राच्या न्यूट्रलला स्वतंत्र अर्थिंग असते, म्हणून चौथा पोल. कायदाही हेच सांगतो. १९५६ च्या विद्युत नियमांपासून आजच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा विनियमांपर्यंत शब्द बदलत गेले, पण मागणी एकच: पुरवठा सुरू होतो तेथे सहज हाताशी येईल असा, सर्व फेज एकदम तोडणारा खटका असावा. सहज हाताशी, हे शब्द लक्षात घ्या. खटक्यापुढे रिकाम्या बॅरलची रास लावलेली असणे ही आपली फार आवडती सवय आहे. ७ जून २०२१ रोजी उरवड्याला रसायनांच्या कारखान्यास आग लागली आणि अनेक कामगार, त्यांतील बहुसंख्य स्त्रिया, प्राणास मुकले. त्या दुर्घटनेचा संबंध मी खटक्याशी मुळीच लावीत नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, कोठेही आग लागली म्हणजे बंबवाल्यांचा एक पहिला प्रश्न 'मेन कुठे आहे?' हा असतो, आणि तो प्रश्न विचारला जातो तेव्हा धूर झालेला असतो.

सौर विजेविषयी एक सूचना करून पुढे जातो. शेडच्या पत्र्यांवर आता सौर पाट्या बसू लागल्या आहेत. त्यांचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा. तो सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, एकदाही येत नाही. पेटलेला चाप पेटलेलाच राहतो. त्यामुळे घरातला किंवा पॅनेलवरचा नेहमीचा एसी खटका तेथे लावणे म्हणजे पेटीत शेगडी ठेवण्यासारखे आहे. त्यासाठी डीसी-पीव्ही असा वर्ग लिहिलेला खटका मिळतो, तोच घ्यावा.

शेवटी मूठ आणि कुलूप. मघाशी मी चिकटलेल्या संपर्काविषयी बोललो. समजा तीनपैकी एक संपर्क आत चिकटला आहे. मूठ फिरविली, ती 'बंद' वर आली, पण एक फेज जिवंत. असा खटका माणूस मारतो, कारण तो खोटे बोलतो. हमी देणाऱ्या खटक्याची एक चाचणी नेमकी याचसाठी असते: संपर्क मुद्दाम अडकवून ठेवतात, मुठीवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर लावतात, आणि तरीही मूठ 'बंद' अशी खूण दाखविता कामा नये, तिला कुलूपही लागता कामा नये. आडव्या रेघेची ती आकृती पाटीवर असण्याचा हा अर्थ आहे. त्यावरही माझ्या ओळखीचे एक जुने वायरमन दरवेळी टेस्ट लॅम्प लावून तिन्ही फेज पाहतात, आणि लॅम्प आधी चालू लाइनवर पेटवून बघतात, की बल्बच गेलेला नाही ना. त्यांना सगळे कंटाळतात. पावर फॅक्टरच्या कपॅसिटरचे पॅनेल असेल तर ते खटका उघडल्यावर थांबतात, तंबाखू मळतात, आणि मग हात घालतात. कारण लाइन तुटली तरी कपॅसिटरमधला साठा काही काळ राहतो.

मुठीला 'बंद' स्थितीत कुलूप लावण्याची सोय असावी, आणि ती एका कुलपाची नव्हे, तीन कुलपांची असावी. दळणयंत्रात पाते बदलावयास तीन माणसे उतरली तर तिघांची तीन कुलपे, आणि किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. सुपरवायझरकडे सगळ्या किल्ल्यांचा जुडगा ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही. तो जुडगा असला की कुलपाला अर्थ उरत नाही. यंत्र पॅनेलपासून दूर असेल, भिंतीआड असेल, तर यंत्राशेजारी आणखी एक खटका बसवावा. मधे व्हीएफडी असेल तर त्या खटक्याला आधी उघडणारा साहाय्यक संपर्क घ्यावा, म्हणजे पाते सुटण्यापूर्वीच ड्राइव्हला थांबण्याचा इशारा पोचतो.

यावर कारखानदार मला नेहमी विचारतात की, एखादा माणूस पाळी संपवून कुलूप काढावयाचे विसरला आणि घरी गेला, तर काय करावयाचे? मोटर अडून बसते, माल अडतो. मी सांगतो की, कटर आणू नका, त्याला फोन करा. तो पौडला असेल, मुठ्याला असेल, फार तर कोळवणला असेल. अर्ध्या तासात मोटरसायकलवरून येईल, आपल्या हाताने कुलूप काढील, आणि यंत्र अर्धा तास उशिरा सुरू होईल.

माझी वेळ संपली आहे. कोणी खटक्याच्या पाट्यांचे फोटो आणले असतील तर खाली बसून आपण ते एकत्र वाचू.